ख्वन कुणी बोलावला

आईच्या मनगटावरचा पांढरा दोरा लम्यायला दिसला आणि हातातला डबा खाली ठेवायचं ती विसरूनच गेली.

दोरा नवा होता. जुना दोरा पाण्याघामानं मळतो, हळूहळू कातडीच्या रंगाचा होऊन जातो. हा धुतल्या तांदळासारखा पांढरा होता आणि गाठीची टोकं अजून पिंजलीसुद्धा नव्हती. असा दोरा उगाच कुणी बांधत नाही. लग्नात बांधतात, बाळंतिणीला बांधतात, दूर गावी निघालेल्याला बांधतात. आणि म्हातारं माणूस पडलं की बांधतात. पडलेलं माणूस उठतं, पण त्याचा ख्वन, अंगात राहणारा तो पाखरासारखा भित्रा जीव, पडल्या जागीच दचकून बसतो. मग घरातलं कुणीतरी मासे धरायची झोळणी घेऊन तिथं जातं, गाणं म्हणत म्हणत त्याला झोळणीत घेतं, माणसापाशी आणतं आणि मनगटाला दोरा बांधून पुन्हा अंगात नांदवतं. घरातलं कुणीतरी. लेक असली तर लेकच.

लेक तर ही इथं उभी होती, साइ-उआचा डबा घेऊन.

"आई, तू पडलीस?"

"पडायला मी काय पिकला आंबा आहे?" बुआतिप आजी म्हणाली आणि तिनं हात चादरीखाली घेतला. "डब्यात काय आणलंयस? परत ते सॉसेजच असेल."

सॉसेजच होतं. लांपांग शहरातल्या सकाळच्या बाजारात लम्यायची साइ-उआची गाडी होती. गवती चहा, हळद, मिरची कुटून मांसात कालवायची, ते आतड्यात भरायचं आणि निखाऱ्यावर त्याची वेटोळी भाजायची, हे ती आईच्याच हाताखाली शिकली होती. गाडी आईची, मसाला आईचा, गिऱ्हाइकंही अर्धीअधिक आईचीच. पण नदीपलीकडच्या या वृद्धाश्रमात आल्यापासून आई पहिला घास तोंडात घोळवून म्हणायची, थोडं खारट झालंय. आणि होमनं केलेली वाळल्या सोयाबीनची काळपट चटणी मात्र बोटानं निपटून खायची.

होमचं नाव नुसतं मनात आलं तरी लम्यायच्या छातीत ओल्या लाकडासारखं काहीतरी धुमसायला लागायचं. धड पेटायचं नाही, धड विझायचं नाही, डोळे तेवढे चुरचुरायचे.

होम सीमेपलीकडच्या शान मुलखातली. तिशी उलटलेली, रुंद मनगटांची, हळू बोलणारी बाई. आईला न्हाऊ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं, कूस बदलून देणं, सगळं तिच्याकडे. वृद्धाश्रमाच्या रीतीप्रमाणे ती सगळ्याच म्हाताऱ्यांना आई आणि बाबा म्हणायची. पण लम्यायला ते बाकीच्या खाटांपाशी म्हटलेलं ऐकूच यायचं नाही, सहाव्या खाटेपाशी म्हटलेलं तेवढं यायचं. बाजार आटोपून ती दाराशी आली की आतून आईचं हसणं कानावर पडायचं, आणि तिनं आत पाऊल टाकलं की ते मावळायचं. आई रागवायची असं नव्हे. आई आवरून बसायची, पाहुणे आल्यावर माणूस पदर सावरून बसतं तशी. तेच झोंबायचं. पोटची लेक पाहुणी झाली होती, आणि जिचं ना रक्ताचं नातं ना गावाचं, ती घरची होऊन बसली होती.

आईला इथं आणली ती लम्यायनंच. लग्न केलं नव्हतं, भाऊ दूर समुद्रकाठच्या कारखान्यात, आणि स्वतः ती कोंबडं आरवायच्या आधी बाजाराला निघायची. मागं आई एकटी. एकदा गॅस तसाच राहून गेला. एकदा आई पायरीवर गुडघा धरून बसलेली सापडली, किती वेळ बसली होती ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मग शेजारणींनी सिरिवनबाईंचं नाव काढलं. त्या सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका, राहत्या घरातच खाटा मांडून त्यांनी म्हातारी माणसं सांभाळायला घेतली होती. घर उजेडाचं होतं, वास येत नव्हता. लम्यायनं आईचा हात तिथं सोडला तो असा.

आई काही सांगणार नाही हे दिसताच लम्याय पाचव्या खाटेकडे वळली. तिथल्या केव आजीच्या पोटात तीळ भिजत नसे. सांगू नको म्हणून बजावलंय, असं आधी सांगून तिनं सगळंच सांगितलं. परवा न्हाणीघरात बुआतिपचा पाय सरकला, धाडकन आवाज झाला, होम धावली, उचललं. हाड शाबूत होतं, पण संध्याकाळपर्यंत भाताचा घास ओठापाशी येऊन सांडत होता. मग होमनं कुठूनशी झोळणी पैदा केली, उकडलेलं अंडं आणि चिकट भाताचा गोळा घेतला, आणि न्हाणीघराच्या दाराशी बसून ख्वन बोलावला. "काय गळा आहे गं त्या पोरीचा," केव आजी म्हणाली, आणि कुणी विचारलं नसताना डोळे मिटून म्हणायला लागली:

"ये रे ये, नको राहू पडल्या जागेपाशी,
ऊन ऊन भात मांडलाय तुझ्या उशापाशी.
नको जाऊ ओढ्याकाठी, नको बसू बांबूच्या बनी,
आजी तुझी वाट बघते सहाव्या खाटेवरुनी."

पहिल्या ओळी लम्यायला पाठ होत्या. त्या सगळ्यांनाच पाठ असतात. शेवटची ओळ मात्र ज्याची त्यानं जुळवायची असते, कारण ख्वन परत कुठं यायचा ते त्यात सांगायचं असतं. घराचं नाव घेतात, चुलीचं घेतात, जिन्याच्या पायरीचं घेतात. लहानपणी लम्याय शिडीवरून पडली तेव्हा आईनं तिचा ख्वन मसाला कुटायच्या उखळापाशी बोलावला होता.

आणि आईचा ख्वन कुणीतरी खाटेवर बोलावला होता. नंबर घातलेल्या लोखंडी खाटेवर.

ती आधी न्हाणीघर बघून आली. धरायला कठडा नव्हता, रबरी पायपुसण्याचा कोपरा वर वळला होता. हे बघून राग यायला हवा होता आणि आलाही, पण तो सरळ उभा राहीना. फिरून फिरून त्या शेवटच्या ओळीवरच जाऊन बसू लागला.

होम मागच्या अंगणात बादल्या घासत होती. लम्यायनं विचारलं, फोन का केला नाही. होमनं मान खाली घातली आणि सांगितलं की बाईंनी नको म्हटलं होतं, परवान्याचं चाललंय, उगाच बभ्रा नको म्हणाल्या.

"नको म्हटलं ते फोनला. ख्वन बोलवायला कुणी सांगितलं?"

"आई घाबरल्या होत्या, ताई."

"माझी आई."

"हो, तुमची आई," होम म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

लम्याय परत सहाव्या खाटेपाशी आली. आता आईनं हात चादरीबाहेर काढून ठेवला होता, जणू बघायचं तर बघ. लम्यायनं एवढंच विचारलं, की बोलावला तो बोलावला, पण घरी का नाही बोलावला. तिला वाटलं होतं आई म्हणेल, त्या पोरीला काय कळतंय. पण आई म्हणाली की होमनं दोनदा विचारलं होतं, घराचं नाव घेऊ का म्हणून, आणि मीच नको म्हटलं.

"का?"

"घरी बोलावला असता तर उंबऱ्यावर बसून राहिला असता बिचारा, कुलपाकडं बघत. तू येणार दुपार उलटल्यावर, आणि आलीस की झोपणार. ख्वन म्हणजे काय मांजर आहे, वाट बघत बसायला?" आईनं डबा जवळ ओढला, एक तुकडा तोंडात टाकला. "आज मीठ बरं आहे."

एरवी या शब्दासाठी लम्याय आठवडाभर जीव टाकायची. आज तो तिला भीक घातल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी गाडी शेजारणीवर सोपवून ती जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत गेली. खिडकीमागचा माणूस वयस्क होता, हळू टाइप करायचा. तिनं सांगितलं, आई पडली, कळवलं नाही, न्हाणीघरात धरायला काही नाही. हे सगळं खरं होतं, आणि ते सांगताना तिचा आवाज स्वच्छ होता. त्या माणसानं मान डोलावली, म्हणाला बरं केलंत आलात, हल्ली नियम झालेत, लोक येऊन सांगत नाहीत म्हणून नियम तसेच पडून राहतात. वृद्धाश्रमाला परवाना हवा, कुणी पडलं तर घरच्यांना त्याच दिवशी कळवायला हवं, म्हाताऱ्या माणसांना हात लावणाऱ्या प्रत्येकाकडे शिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. मग चष्म्यावरून बघत त्यानं विचारलं, "आणखी काही?"

आणखी काही नव्हतं. ती उठलीसुद्धा होती. पण डोळ्यांसमोर ते रुंद मनगट आलं, आईच्या मनगटाला गाठ मारताना, आणि तोंड आपोआप उघडलं.

"तिथं एक बाहेरची बाई आहे. होम. तिच्याकडे प्रमाणपत्र नाही. तीच सगळं करते."

कळा दाबल्याचा खटखट आवाज झाला. घरी येताना वाटेत तिला हलकं हलकं वाटत होतं, दाढ उपटल्यावर वाटतं तसं. आणि जीभ पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्याकडे जात होती.

तपासायला आल्या त्या थितिमा नावाच्या बाई. पायात सपाट बूट, खांद्याला कापडी पिशवी, आवाज न चढवणाऱ्या. तक्रार करणारी म्हणून लम्यायलाही बोलावलं होतं. थितिमाबाईंनी न्हाणीघरात जाऊन ते वर वळलेलं पायपुसणं बुटाच्या टोकानं दाबलं, ते पुन्हा वर आलं. कोण कधी पडलं याची नोंद दाखवा म्हणाल्या. सिरिवनबाई म्हणाल्या, आमच्याकडे कुणी पडलंच नाही. आणि तेवढ्यात केव आजी खाटेवरून म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी होमनं गाणं म्हटलं ते काय लग्नाचं?" मग सिरिवनबाई खाली बसल्या आणि खरं बोलल्या, की परवाना अडेल या भीतीनं लिहिलं नाही, कळवलं नाही, चूक झाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केलेली बाई, चूक झाली म्हणताना लहान मुलीसारखी दिसली.

इथवर सगळं ज्याच्या त्याच्या जागी होतं. मग थितिमाबाई सहाव्या खाटेपाशी आल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुम्हाला कोण उठवतं? कोण न्हाऊ घालतं?"

आईनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या होमकडे, मग लम्यायकडे. त्या तिसऱ्या बघण्यात आईला सगळं कळलं. लम्यायला वाटलं आपल्या अंगावरचे कपडे कुणीतरी ओढून घेतले.

"मला कुणी उठवत नाही," आई म्हणाली. "माझी मी उठते."

"आजी, बसा."

"बघा तर."

आणि आईनं पाय खाली सोडले, खाटेच्या लोखंडी कडेला हात टेकले आणि ती उठली. लम्यायनं दोन वर्षांत आईला आपणहून उठलेलं पाहिलं नव्हतं. लम्याय आली की आई म्हणायची, पाणी दे, उशी सरकव, गुडघा बोलतोय. आणि आज त्या पोरीची भाकरी वाचावी म्हणून सगळी हाडं पणाला लावून ती उभी राहिली होती, रिकामं पोतं उभं करावं तशी. हनुवटी मात्र वर होती.

लम्यायच्या मनात पहिलं आलं ते हे, की माझ्यासाठी ही कधी उभी राहिली नसती. दुसरं आलं ते हे, की ही पडणार. पण आधी पहिलं आलं, हे ती पुढं कधी विसरू शकली नाही.

तिनं होमकडे पाहिलं. होमनं दोन्ही हात पाठीमागं धरले होते, एका हातानं दुसऱ्याचं मनगट पकडून ठेवलं होतं. हात पुढं केला तर थितिमाबाईंच्या देखत सिद्ध होणार होतं की हात तिचाच लागतो. तिचं सगळं अंग पुढं झुकलं होतं आणि हात मागं होते. ओठ दातांखाली धरलेला.

आई उजवीकडे कलली. लम्याय धावली, काखेत हात घालून तिनं कसंबसं धरलं, आणि दोघी धपकन खाटेवर बसल्या. आई कळवळली. "काख निघाली माझी," ती म्हणाली. "गोणी उचलतेयस का?"

कितीतरी वर्षांनी आईचं सगळं वजन लम्यायच्या अंगावर होतं, आणि ते इतकं थोडं होतं की तिला रडू फुटलं.

व्हरांड्यात थितिमाबाईंनी निकाल सांगितला. पंधरवड्यात कठडे बसवायचे, पडल्याझडल्याची रोज नोंद, घरच्यांना त्याच दिवशी निरोप. नाहीतर परवाना नाही. आणि होमनं यापुढं म्हाताऱ्यांना हात लावायचा नाही, तिच्या कागदांवर ती घरकामाची बाई आहे, तेवढंच काम करायचं. धुणं, स्वयंपाक, झाडलोट.

लम्याय म्हणाली, ते होमबद्दलचं कलम मी मागं घेते.

थितिमाबाई पिशवीत कागद घालता घालता थांबल्या. त्यांचा चेहरा कठोर नव्हता, थकलेला होता. "तक्रार मागं घेता येते, ताई," त्या म्हणाल्या. "पाहिलेलं मागं घेता येत नाही. ती पोर हात बांधून उभी होती, ते मी पाहिलं. ज्याला हात लावायची सवय नसते तो हात बांधत नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "उद्या दुसऱ्या घरात अशीच कुणी बिनशिकलेली बाई म्हातारीचं हाड मोडेल, तेव्हा लोक मलाच विचारतील, तू काय बघत होतीस. माझ्याकडे चांगल्या हाताला एक नियम आणि वाईट हाताला दुसरा असं नसतं."

पुढचे काही दिवस आई लम्यायशी बोलली नाही. केव आजीशी बोलायची, भिंतीवरच्या पालीशी बोलायची, लम्याय आली की डोळे मिटायची. लम्याय डबा ठेवायची आणि थोडा वेळ बसून निघायची. होम मागच्या अंगणात धुणं वाळत घालताना दिसायची. दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत. आणि खोटं कशाला बोला, या सगळ्यात लम्यायच्या मनाच्या तळाशी एक कोपरा होता, तो गुपचूप म्हणायचा, असू दे, निदान आता तिथं कुणी हसत नाही.

मग पिमदाव आली.

पिमदाव प्रमाणपत्रवाली होती. कापलेले केस, हातमोजे, शिट्टी वाजवत काम करायची सवय. पहिल्या दिवशी आईनं केव आजीपाशी तिला नावं ठेवली, म्हणाली हातमोजे घालून न्हाऊ घालते, मी काय मासळी आहे? दुसऱ्या दिवशी म्हणाली, पोर हाताची हलकी आहे. आणि त्यानंतरच्या आठवड्यात लम्याय फाटकातून आत आली तर कानावर तेच आलं. आईचं हसणं. तेच, पोटातून येणारं, शेवटी खोकल्यात जाणारं. आई पिमदावला कोडं घालत होती. "एक म्हातारी, अंगभर दात, पण चावत नाही केसांशिवाय. सांग काय?" पिमदाव मुद्दाम चुकीची उत्तरं देत होती आणि आई खिदळत होती.

लम्याय दारात न जाता घराच्या बाजूनं वळून मागच्या अंगणात गेली. आत जावंसंच वाटेना. तिथं चादरी वाळत होत्या, एकीमागून एक, आणि दोन चादरींच्या फटीतून होम खिडकीकडे बघत उभी होती. हातात ओला अभ्रा तसाच, त्याचं पाणी पायावर ठिबकत होतं.

होमच्या तोंडावर काय आहे हे लम्यायला विचारावं लागलं नाही. तो चेहरा तिनं बाहेरून कधी पाहिला नव्हता, पण आतून तिला तो रेषन्‌रेष पाठ होता.

ती शेजारी जाऊन उभी राहिली.

"ते कंगव्याचं कोडं," होम म्हणाली, "मला वाटायचं माझ्यासाठीच रचलंय."

"मला लहानपणी घालायची," लम्याय म्हणाली. "मला वाटायचं माझ्यासाठी."

होमनं अभ्रा पिळला, झटकला, दोरीवर टाकला. म्हणाली की मी आले तेव्हा माझ्या आधी एक बाई होती, आई तिच्यापासून माझ्याकडे वळल्या तेव्हा ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मला हसू यायचं तिचं.

"आणि आता?"

"आता नाही येत."

लम्यायला हसू आलं. चुकून आलं, आणि थांबेना. होमनं आधी चमकून पाहिलं, मग तीही तोंडाला ओला हात लावून हसू लागली. आतून कोड्याचं उत्तर ऐकू आलं, आई टाळी वाजवत होती. नदीच्या कडेकडेनं फुलत जाणाऱ्या वेलीसारखी होती ती बाई, ज्या काठीला टेकेल तिच्यावर चढायची. जवळ काठी हवी, एवढंच. लम्याय दोन वर्षं डबा घेऊन फाटकाशी उभी राहिली होती आणि काठीवर चिडत होती.

"मला माफ कर" हे शब्द तिच्या तोंडाशी आले होते. पण होमनं त्यांना वाव दिला नाही. तिनं बादली उचलली आणि थोड्या रागानंच विचारलं:

"ताई, मला आत जायला मनाई आहे. तुम्ही इथं काय करताय? तुम्हाला कुठलं प्रमाणपत्र लागतंय?"

हे लम्यायच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. साऱ्या घरात, साऱ्या नियमांत, त्या अंगाला बिनकागदाचा हात लावायची मुभा असलेली ती एकटीच होती, आणि तिनं दोन वर्षांत आईचं नखसुद्धा कापलं नव्हतं. डबा ठेवला होता.

ती आत गेली. पिमदावनं केस धुवायची तयारी मांडली होती, खिडकीखाली खुर्ची, तस्त, गरम पाण्याची किटली. लम्याय म्हणाली, आज मी धुते. पिमदावनं आजीकडे पाहिलं.

आईनं लम्यायला आपादमस्तक न्याहाळलं. कितीतरी दिवसांत ती प्रथमच तिच्याशी बोलली. "तुला जमेल? मिरचीचे हात आहेत तुझे. डोळ्यात गेलं तर?"

"गेलं तर ओरड."

"ओरडेन तर. घाबरतेय काय."

पिमदाव बाजूला झाली, पण हाताच्या अंतरावर उभी राहिली, तिचं कामच होतं ते. लम्यायनं आईच्या केसांची गाठ सोडली. पांढरे विरळ केस, खाली गुलाबी कातडी, तान्ह्या मुलाच्या टाळूसारखी. मान कशी धरायची हे कळेना. एका हातानं धरावी तर दुसऱ्यानं पाणी ओतता येईना, आई मधेच म्हणाली, पाणी आहे की निखारे, मधेच म्हणाली, आता काय बर्फ घालतेस. प्रत्येक शब्द बोचत होता आणि प्रत्येक शब्द तिच्यासाठी होता, दुसऱ्या कुणासाठी नव्हता.

तिनं मान वर केली तर समोर खिडकी, खिडकीबाहेर चादरी, चादरींच्या मध्ये होम. ती गेली नव्हती. अभ्रे संपले होते, बादली रिकामी होती, तरी उभी होती आणि या वेळी ती लम्यायकडे बघत होती, लम्यायच्या हातांकडे.

एक क्षण लम्यायला बरं वाटलं. तिनं तो क्षण नाकारला नाही, दोन वर्षं उपाशी राहिलेल्याला घासाची चव कळतेच. खिडकीचं दार तिच्या हाताशी होतं, वारंही येत होतं, आईचं डोकं ओलं होतं, लावून घेतलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं.

तिनं कोपरानं ते दार सताड उघडं ढकललं.

"होम," ती म्हणाली, "हिची मान कशी धरायची गं?"

होम दोन पावलं पुढं आली, खिडकीपासून हातभर लांब थांबली, आणि हात पाठीमागं न घेता हवेतच करून दाखवू लागली, तळवा असा, अंगठा कानामागं.

"तळवा पसरा, ताई. अजून. आता त्यांना टेकू द्या."

आईनं डोळे मिटले आणि मान सैल सोडली.